जेस फ्रँकोचा नेमका कुठला पिक्चर बघायचा?

प्रश्न : स्पॅनिश दिग्दर्शक जेस फ्रँकोचं इतकं नाव ऐकलं म्हणून 'फीमेल व्हॅम्पायर' लावला, तर कॅमेरा सारखा झूम आत झूम बाहेर, मधेच फोकस गायब. मित्राने तोच पिक्चर बघितला तर त्यात भलतेच सीन! ह्या माणसाला लोक डोक्यावर का घेतात?

उत्तर : तुमचं आणि मित्राचं दोघांचंही बरोबर आहे, कारण तो एक पिक्चर नाहीच, हॉररवाला, सेक्सवाला आणि थेट पॉर्न अशी त्याची तीन व्हर्जन निघाली. तेव्हा युरोपातले स्वस्तातले पिक्चर दोन-तीन देशांतल्या निर्मात्यांच्या पैशावर बनायचे आणि प्रत्येक देशाचा सेन्सॉर वेगळा, स्पेनमध्ये तर हुकूमशहा फ्रँकोचं राज्य (नुसतं आडनाव सारखं), मग स्पेनसाठी अंगावर कपडे आणि बाहेरच्या देशांसाठी तोच सीन कपड्यांशिवाय. वर वितरक नाव बदलणार, कापणार, दुसऱ्याने शूट केलेलं जोडणार.

झूमचं कारण साधं आहे. ट्रॉलीचे रूळ टाका, लाइट परत लावा, ह्यात वेळ जातो, झूम लेन्सने उभ्या जागी काम होतं, म्हणूनच तर दीडशेच्या वर पिक्चर झाले. त्यातले बरेच टुकार आहेत, भक्तांनी कितीही समजावलं तरी. पण गडी मुळात जॅझवाला, क्लिफर्ड ब्राउन ह्या ट्रम्पेटवाल्याचं नाव टोपणनाव म्हणून लावायचा, आणि त्याचा कॅमेरा पण गोष्ट सोडून असाच भरकटतो. ते आवडलं तर आवडलं. काम येत नव्हतं असं मात्र नाही, 'सिटिझन केन'वाल्या ऑर्सन वेल्सने त्याला 'चाइम्स ॲट मिडनाइट'च्या सेकंड युनिटला (मुख्य युनिटखेरीजचे सीन शूट करणारी टीम) घेतलं होतं.

तुम्ही आधी १९६२चा 'द ऑफुल डॉक्टर ऑर्लोफ' बघा, ब्लॅक अँड व्हाइट, नीट बांधलेला. मग १९७१चा 'व्हॅम्पिरोस लेस्बोस', त्यातली नटी सोलेदाद मिरांडा आणि म्युझिक ह्यांच्यासाठी. बिचारी तो रिलीज व्हायच्या आधीच, १९७०मध्ये, कार अपघातात गेली.

प्रश्न : क्रिस्तोफर लीने फ्रँकोबरोबर ड्रॅक्युला केलाय म्हणे, तो हॅमर ह्या ब्रिटिश हॉरर कंपनीच्या ड्रॅक्युलांपैकीच का?

उत्तर : नाही, हा वेगळा, १९७०चा 'काउंट ड्रॅक्युला'. लीला कादंबरीतला ड्रॅक्युला करायचा होता, म्हणून इथे तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे आणि रक्त पिऊन पिऊन तरुण होत जातो. पैसे कमी पडलेत ते दिसतंच, उत्तरार्ध तर रटाळ आहे, पण रेनफिल्ड (ड्रॅक्युलाच्या कह्यातला वेडा) झालाय जर्मन नट क्लाउस किन्स्की, त्याच्यासाठी बघाच.