समीकरणाला कुठे आलाय रंग?

प्रश्न : ताई, मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, चौथं वर्ष चालू आहे, टेन्युअर (कायमची नेमणूक) अजून व्हायचंय. इंग्लिश शिकवणारी माझी एक ब्लॅक मैत्रीण आणि इतिहासाचे एक सर मिळून वंशभेद आणि ओळख या विषयावर वर्षभराचं काम उभं करतायत, मला पण ये म्हणाले. पहिल्याच मीटिंगला डीननी सगळ्यांसमोर मला विचारलं, की आशियाई लोकांना याबद्दल काय वाटतं? मी गप्पच बसले. मला खरंच कळत नाही, माझं तिथे काय काम? मी ना गोरी ना काळी, आणि समीकरणाला कुठे आलाय रंग? माझ्या मंगळवारच्या सेक्शनमधून यंदा ११ जण ड्रॉप झाले, मला त्याचंच टेन्शन जास्त आहे. नाही म्हणू का?

उत्तर : नाही म्हणू नका. पण डीनच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाही जाऊ नका, अख्ख्या आशिया खंडाचं वकीलपत्र तुम्ही घेतलेलं नाही.

रंगाचं म्हणाल तर तुमच्याच राज्यात, तुमच्याच विषयात काय चालायचं ते आठवा. पोरगं कॉलेजात आलं की एक प्लेसमेंट टेस्ट, तिच्यात कमी पडलं की खालच्या लेव्हलचं गणित, कधी कधी दोन-तीन लेव्हल खाली, त्याचे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायला क्रेडिट नाहीत, आणि पास होऊनसुद्धा पुढच्या सेमिस्टरला कितीतरी जण परत यायचेच नाहीत. या वर्गांत ब्लॅक आणि लॅटिनो मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त असायची. कुणा मास्तराने मुद्दाम केलं नव्हतं हो, एक टेस्ट होती आणि एक कटऑफ होता, बस. मग २०१७ मध्ये एबी ७०५ कायदा आला, हायस्कूलचे मार्क बघा म्हणाला, आणि २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून बहुतेकांना थेट ट्रान्सफर लेव्हलला बसवायला लागले. २०२२ मध्ये एबी १७०५ ने ते आणखी आवळलं. गणितवाले त्यावर अजून भांडतात, तुम्हीही भांडत असाल, खुशाल भांडा, पण रंगाचा संबंध नाही असं निदान तुमच्या डिपार्टमेंटने तरी म्हणू नये.

मी स्वतः अशाच एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. माझ्या सिलॅबसमध्ये एक ओळ होती, होमवर्क रात्री ११:५९ नंतर आला की शून्य, आणि मला त्या ओळीचा अभिमान होता, शिस्त म्हणून. एका वर्षी इतिहासाच्या एका बाईंबरोबर असंच जोडीने काम करायचं ठरलं, त्यांनी माझी ग्रेडशीट मागितली, मी नावं काढून दिली (ती काढायचीच, मुलांच्या रेकॉर्डच्या प्रायव्हसीचा कायदा १९७४ पासून आहे). त्यांनी फक्त शून्यांसमोरच्या वेळा वाचल्या. १२:२०, १२:४५, १:१०. मला वाटलेलं आळशी पोरं, ती सेकंड शिफ्ट संपवून घरी पोचून लॅपटॉप उघडत होती. मी म्हणाले, यात वंश कुठे आला? त्या म्हणाल्या, घरी जाऊन नावांसकट एकदा बघ. बघितलं, आणि पुढच्या सेमिस्टरला डेडलाइन दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ची केली, सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठीच करावी लागते, १९९६ च्या प्रॉपोझिशन २०९ नंतर तुमच्याकडच्या सरकारी कॉलेजात वंश बघून कुणाला वेगळी सवलत देता येत नाही.

मला विचाराल तर तुमच्या ग्रुपने एकमेकांचे पेपर, सिलॅबस, ग्रेडशीट उघडून बघावं. निवेदनं आणि पोस्टर काय, होतच राहतात.

आता ना गोरी ना काळी. १९२३ मध्ये पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सांगत होते, की मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून मला गोरा धरा आणि नागरिकत्व द्या. कोर्टाने एकमताने नाही म्हटलं, आणि नंतर सरकारने ज्यांना आधीच मिळालं होतं अशा कित्येक भारतीयांचंही काढून घेतलं. म्हणजे गोरं ठरायला आपण तिथे जात पुढे केली होती. आणि ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्या लोकांना दार उघडलं, तो काळ्या लोकांच्या सिव्हिल राइट्स चळवळीच्या जोरावरच आला. त्यामुळे हे त्यांचं भांडण, आपण पाहुणे, असं काही नाही. उलट कॅल स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली, राज्यभरासाठीचं तसलं बिल २०२३ मध्ये गव्हर्नरनी व्हेटो केलं, हा विषय तुमच्या टेबलावर कधी ना कधी येणार आणि तेव्हा सगळे तुमच्याकडे बघणार. रंगावर बोलताना जड जातंय ना, जातीवर त्याहून जड जाईल, घरचं असतं ते. त्याची तयारी आत्तापासून करा.

एक व्यवहाराची गोष्ट. असली कामं ठरावीक लोकांच्याच गळ्यात पडतात, अमादो पाडिया नावाच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये त्याला कल्चरल टॅक्सेशन म्हटलं होतं. हा टॅक्स तुमची मैत्रीण तुमच्या कितीतरी आधीपासून भरत असणार. म्हणून किती तास, टेन्युअरच्या फाइलमध्ये काय म्हणून धरणार, रीअसाइन टाइम (या कामापुरते शिकवण्याचे तास कमी) मिळतो का, हे डीनकडून मेलवर लेखी घ्या, तिच्यासाठी पण मागा. आकडे तुम्ही सांभाळा, मिनिट्स पण तुम्हीच लिहा. चुकीचं बोललं जाईल का, तर जाईल एखादवेळेस, सॉरी म्हणायचं आणि पुढचं काम घ्यायचं.

आणि डीननी परत तेच विचारलं तर म्हणा, आशियाचं मला माहीत नाही, माझ्या मंगळवारच्या सेक्शनमधले ११ जण कुठे गेले ते आम्ही तिघं शोधतोय.