रिलीफ कॅम्पमध्ये बायकांच्या सुरक्षेचा विषय नंतर घेतला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच व्हॉलंटियर म्हणून कॅम्पवर जाताय, तुमचे टीम लीडर म्हणतात आधी अन्न, पाणी, तंबू, औषधं, बायकांवरच्या अत्याचाराचं वगैरे सगळं स्थिरस्थावर झाल्यावर बघू, अजून तरी एकही तक्रार आलेली नाही, तर हे बरोबर आहे का, आणि उद्या एखादी बाई तुमच्याकडेच येऊन काही बोलली तर काय करायचं.

नाही, बरोबर नाही. मी आठ-नऊ वर्षं अशा कॅम्पमध्ये काम केलंय, सुरुवात टॉयलेट आणि पाण्याच्या कामाने झाली आणि मग हळूहळू बायकांच्या सुरक्षेच्या कामात आले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तक्रार आली नाही यावरून काही घडत नाहीये असं कधीच धरू नका. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो बऱ्याचदा रेशनच्या यादीत नावं घालणारा असतो, किंवा शेजारच्या तंबूतला असतो, किंवा नवराच असतो, मग बाई सांगणार कुणाला, आणि सांगून बदनामी झाली तर कॅम्प सोडून जाणार कुठे. म्हणून या कामात नियम उलटा आहे. संयुक्त राष्ट्रं आणि मदत संस्था यांच्या एकत्रित समितीने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१५ मध्ये त्या नव्याने लिहिल्या, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की आपत्ती आली की असे अत्याचार होतायत असं गृहीत धरूनच कामाला लागा, पुरावा हातात यायची वाट बघू नका. तरी कुणी आकडाच मागितला तर २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला होता, त्यात निर्वासित आणि विस्थापित बायकांमध्ये साधारण ५ पैकी १ जणीने लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं, आणि हा आकडा कमीच असणार असं आढावा घेणाऱ्यांनीच लिहिलंय, कारण किती जणी बोलतच नाहीत.

आणि आधी तंबू-पाणी मग सुरक्षा ही वाटणीच मला पटत नाही, कारण बाई सुरक्षित राहणार की नाही हे त्या तंबू-पाण्याच्या कामातच ठरून जातं. माझंच उदाहरण देते. एका कॅम्पवर आम्ही टॉयलेट बांधले, संख्या नियमाप्रमाणे, अंतर नियमाप्रमाणे, स्फिअर नावाचं जे मदतकार्याच्या किमान मानकांचं पुस्तक आहे त्यात सुरुवातीला ५० माणसांमागे १ आणि पुढे २० माणसांमागे १ असं प्रमाण दिलंय, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, बायकांसाठी पुरुषांच्या ३ पट, हे सगळं आम्ही केलं आणि रिपोर्टमध्ये लिहून पण टाकलं. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की अंधार पडला की एकही बाई तिकडे जात नाही, बायका दुपारनंतर पाणी प्यायचं बंद करायच्या, लहान पोरींना तंबूमागेच बसवायच्या. कारण काय तर दाराला आतून कडी नव्हती. सामानाच्या यादीत कडी होती, पण उशिरा येणार होती म्हणून आम्ही तशीच दारं लावून मोकळे झालो, माझी सही होती त्यावर आणि ती गोष्ट मला अजून टोचते. मग कड्या लावल्या, मोठा दिवा लावला, तरी बायका जाईनात. तेव्हा दोन बायकांबरोबर मी रात्री स्वतः चालत गेले आणि कळलं की दिवा लागल्यापासून कॅम्पमधली सगळी पोरं आणि पुरुष त्याच उजेडाखाली पत्ते खेळायला आणि मोबाईल बघायला बसतात, म्हणजे टॉयलेटला जायचं तर पंधरा-वीस पुरुषांच्या मधून, त्यांच्या नजरा झेलत. पुरुषांसाठी दुसरीकडे बसायला उजेडाची जागा केली आणि टॉयलेटच्या वाटेवर छोटे दिवे लावले तेव्हा कुठे फरक पडला.

हे नकाशावर दिसत नाही हो, बायकांना विचारावं लागतं. आणि विचारायचं कसं तर तुमच्यावर अत्याचार झालाय का असं अजिबात नाही, ते तर चारचौघांत विचारूच नका, त्याने बाई धोक्यात येते. अंधार पडल्यावर कॅम्पच्या कुठल्या भागात जायचं टाळता, पाण्याला जाताना एकट्या जाता की सोबत, रांगेत कोण धक्काबुक्की करतं, असं विचारायचं. बायकांच्या गटाशी बाईनेच बोलायचं, आणि गटात फक्त पुढाऱ्याची बायको आणि तिच्या मैत्रिणी नाहीत ना ते बघायचं, विधवा, अपंग बाई, वेगळी भाषा बोलणारी, पंधरा-सोळाची मुलगी, यांना कुणी विचारतच नाही आणि सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच असतो.

जळणाचं पण असंच. सुदानमधल्या दारफूरमध्ये बायका सरपण आणायला कॅम्पबाहेर लांब जायच्या आणि वाटेत त्यांच्यावर बलात्कार व्हायचे, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने २००५ मध्ये तिथल्या आपल्या जवळपास ५०० रुग्णांबद्दल लिहिलं होतं त्यात ८० टक्क्यांहून जास्त जणींवर हल्ला झाला तो सरपण, पाणी अशा रोजच्या कामासाठी वस्तीबाहेर गेल्यावर. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या कॅम्पमध्ये २०१८ पासून घराघरात गॅस सिलिंडर द्यायला सुरुवात झाली, त्यामागे जंगल वाचवणं हे कारण होतंच पण बायकांना जंगलात जावं लागू नये हेही होतं. म्हणजे सिलिंडरचं वाटप हे अत्याचार रोखायचं काम झालं, आणि ते करणारा माणूस बहुतेक वेळा गोडाऊन सांभाळणारा असतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की तो हे काम करतोय.

आता एक गोष्ट जी ऐकायला वाईट वाटेल. धोका मदत करणाऱ्यांकडूनही असतो. २००२ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासित वस्त्यांबद्दल एक अहवाल बाहेर आला, मदत संस्थांची माणसंच धान्य आणि साबणाच्या बदल्यात मुलींचं शोषण करत होती. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नियम काढले आणि आज बहुतेक संस्था ते सही करून घेतात, वस्तू, पैसे, काम किंवा मदत यांच्या बदल्यात शरीरसंबंध हा गंभीर गुन्हा, नोकरी गेलीच, १८ वर्षांखालच्या कुणाशीही संबंध पूर्ण बंद मग तिथला कायदा काही म्हणो, वय माहीत नव्हतं हे कारण चालत नाही, आणि सहकाऱ्याबद्दल शंका आली तरी कळवणं बंधनकारक. तुमच्याकडून असं काही सही करून घेतलंय का? घेतलं नसेल तर मागा. आणि रेशन कार्ड फक्त नवऱ्याच्या नावावर निघतंय का तेही बघा, कारण मारणाऱ्या नवऱ्याला सोडलं की ज्या बाईचं जेवण बंद होतं ती त्याला सोडत नाही.

सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतात ते बंदूकवाले, पण आपत्तीच्या काळातली सगळ्यात जास्त हिंसा घरात होते, तंबूच्या आत, नवऱ्याकडून. काम गेलेलं, दारू, एका ताडपत्रीखाली आठ माणसं, दार लावून बाहेर पडायलाही जागा नाही, २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभर हेच दिसलं. आणि मुलींची लग्नं. जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासितांच्या नोंदलेल्या लग्नांत अल्पवयीन मुलींच्या लग्नांचं प्रमाण २०११ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०१४ च्या सुरुवातीला ३२ च्या आसपास गेलं असं युनिसेफने सांगितलं होतं. आई-बाप वाईट असतात म्हणून नाही होत हे, बरेच जण मला म्हणालेत की इथे तिला सांभाळणार कसं, नवरा असला म्हणजे निदान कुणी हात लावणार नाही. त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, शाळा सुरू झाली, रात्रीची भीती कमी झाली, घरात थोडे पैसे आले की लग्नं थांबतात हे मी पाहिलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि हा भाग नीट वाचा.

कुणी बाई तुमच्याकडे आली तर तुम्ही पोलीस नाही, डॉक्टर नाही, वकील पण नाही. तुमचं काम एवढंच की ती सुरक्षित आहे का आत्ता ते बघायचं, शांतपणे ऐकायचं, आणि मदत कुठे मिळते ते खरं-खरं सांगायचं. काय झालं, कोण होता, किती वाजता, तू तिथे गेलीस कशाला, यातलं काहीही विचारू नका, ती जेवढं सांगेल तेवढंच ऐका, तपशील नंतर तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागणारच आहेत, त्यात तुमची भर नको. 'तुमची यात काही चूक नाही' हे वाक्य मात्र जरूर म्हणा, साधं वाटतं पण तिला ते कुणीच म्हटलेलं नसतं. सगळं नीट होईल, त्याला शिक्षा होईल असलं वचन देऊ नका कारण ते तुमच्या हातात नाही. ती पुरुषाशी बोलायला कचरत असेल तर एखादी बाई बोलावू का असं विचारा, न विचारता बोलावू नका.

मग वेळेचं सांगा. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही होऊ नये म्हणून औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली, पुढे २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून गोळी १२० तासांपर्यंत, पण तीही लवकर घेतली तर जास्त उपयोगी. हिपॅटायटिस बी ची लस १४ दिवसांच्या आत. ७२ तास उलटून गेले असतील तरी डॉक्टरकडे जायचंच, जखमा आहेत, बाकीचे संसर्ग आहेत, मनाचं आहे, उशीर झाला असं म्हणून कुणी तिला परत पाठवू नये. जायचं की नाही हे ती ठरवणार. पोलिसात जायचं की नाही हेही तीच ठरवणार, आणि काही देशांत डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, तसा नियम तुम्ही जाताय तिथे असेल तर तो तुम्हाला आधीच माहीत हवा आणि तिला ती बोलायच्या आधीच सांगायला हवा, नंतर नाही. लहान मूल असेल तर वेगळं, तिथे एकट्याने काही ठरवू नका, मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला लगेच गाठा, आणि घरच्यांना सांगायच्या आधी तो घरचाच माणूस नाही ना हा विचार करा.

नवरा-बायकोत समेट घडवायला जाऊ नका. मी हे खूप चांगल्या मनाच्या माणसांना करताना पाहिलंय आणि तुम्ही निघून गेल्यावर रात्री मार तिला बसतो.

आणि नाव. नाव कुठेही लिहू नका, रजिस्टरमध्ये नाही, वहीत नाही, टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही, फोटो तर विचारसुद्धा नको. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मुलीबद्दल मी आमच्याच एका सहकाऱ्याला सांगितलं, मदत मिळावी म्हणूनच, तिला न विचारता. त्याने अजून एकाला सांगितलं, तोही मदत करायलाच निघाला होता. दोन दिवसांत तिच्या तंबूबाहेर माणसं जमायला लागली आणि ते कुटुंब रातोरात कॅम्पमधून निघून गेलं, कुठे गेलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तेव्हापासून मी कुणालाही एक शब्द सांगायच्या आधी तिला विचारते की हे मी अमुक ताईंना सांगितलं तर चालेल का, आणि नको म्हणाली तर नाही सांगत.

पुरुष आणि मुलगेसुद्धा येऊ शकतात, विशेषतः युद्धातून किंवा कोठडीतून सुटून आलेले, ते तर अजून कमी बोलतात, त्यांच्याशीही अगदी हेच.

निघायच्या आधी टीम लीडरना चार गोष्टी विचारून ठेवा, त्या ७२ तासांच्या औषधांचा साठा नेमका कुठल्या दवाखान्यात आहे आणि तो रात्री उघडा असतो का, तिथवर जायला गाडी कुणाची, बायकांशी बोलणारी प्रशिक्षित काउन्सेलर कोण आणि तिचा नंबर काय, आणि आपल्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे. उत्तरं कागदावर लिहून खिशात ठेवा, तिथे नेटवर्क असेलच असं नाही. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्या दवाखान्यात स्वतः जाऊन विचारून या, कारण यादीत नाव असतं आणि कपाटात औषध नसतं असं मी दोनदा पाहिलंय, आणि ते बाई दारात उभी असताना कळू नये. तुमच्या सामानात बायकांसाठी किट असेलच, पॅड, साबण, आतले कपडे, शिट्टी, टॉर्च, तर टॉर्च सेलवरची असेल तर जादा सेल बरोबर घ्या, आणि कड्या, कड्या आधी पाठवा.