कान्हकाठचं बोरिंग : पिवळं पाणी, टीडीएस मीटर आणि पालक

इंदूरजवळच्या सांवेरकडच्या आपल्या मराठी शेतकरी मंडळींचे प्रश्न यंदा एकाच धाटणीचे आहेत : शहराचं सांडपाणी वाहून आणणाऱ्या कान्ह नदीजवळच्या बोरिंगला पिवळट पाणी येतं, मीटर मात्र टीडीएस ५०० दाखवतो, हे पाणी प्यावं का, आणि त्यावर पालक-मेथी घ्यावी का?

मीटरच्या भरवशावर राहू नका. तो विरघळलेल्या क्षारांची ढोबळ बेरीज सांगतो. खरी भीती जड धातूंची, आणि ते अगदी थोडेही घातक. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर लिटरमागे एक मिलिग्रॅम. कॅडमियमची ०.००३. पाचशेच्या आकड्यात हे दिसणारच नाही.

पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी तांबूस गाळ बसून वरचं पाणी निवळलं, तर बहुधा लोह; फार घाबरायचं कारण नाही. उपसतानाच पिवळं होतं, सकाळीही तसंच आहे आणि गाळ नाही, तर क्रोमियमचा संशय घ्या. ते पाणी तपासणी होईपर्यंत माणसांना नाही, गुरांनाही नाही. उकळल्याने पाणी आटतं, धातू राहतो. आणि पाणी नितळ आहे म्हणजे धातू नाही, असंही नाही. आपल्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे, त्याच्या भेगांतून पाणी वाट काढतं. शेजाऱ्याचा रिपोर्ट तुमच्या बोरिंगला लागू होत नाही.

नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच बाटली भरा, तीही प्लॅस्टिकची. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब लागतात. ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. नेहमीच्या तपासणीत पीएच, क्षार, नायट्रेट येतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे अर्जात नावानिशी लिहा, नाहीतर रिपोर्ट ‘चांगला’ येतो आणि आपण निश्चिंत होतो.

पिकांचं म्हणाल तर सिंचनाची मर्यादा सैल असते : लिटरला क्रोमियम ०.१, कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅम. आपली जमीन चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. ती कॅडमियम बरंच धरून ठेवते. तरीही पालक, मेथी, कोथिंबीर ते सगळ्यांत जास्त ओढतात. संशय असेल तिथे यंदा पालेभाजी नको. गिलकी, भेंडी घ्या किंवा सरळ कापूस. नाल्यावर मोटर टाकून भाजी भिजवणाऱ्यांना मात्र माझं उत्तर एकच : बंद करा. भाव मिळतो हे मला ठाऊक आहे, पण तोच माल तुमच्याही घरी शिजतो.

शेणखत, कंपोस्ट भरपूर घाला, त्याने धातू बांधले जातात. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच शहरात बसवली गेली, ती आपल्यालाच शिकवायला नको. शहरी कचऱ्याचं खत विकत घेत असाल तर त्याचाही रिपोर्ट मागा : किलोला शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत हवं.

घरी आरओ बसवला असेल, तर त्याचं टाकाऊ पाणी परसातल्या अळूला सोडू नका. गाळून काढलेलं सगळं त्याच पाण्यात असतं.