सी ड्राइव्हमधूनच नवं पार्टिशन काढताना

नवं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, काढायला सी ड्राइव्ह फॉरमॅट करायची (पुसून काढायची) काहीच गरज नाही, घाबरू नका. पण आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी धरत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी वर राइट क्लिक, मग ‘श्रिंक व्हॉल्यूम’, म्हणजे सी लहान करणं. आकडा एमबीमध्ये मागतात, म्हणजे १०० जीबी हवे असतील तर १०२४००. काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ जागा दिसली की तिच्यावरच ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा. फॉरमॅट होते ती फक्त ही रिकामी जागा.

२०० जीबी मोकळे असूनही श्रिंकला ४० च मिळतात, हे नेहमीचंच. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल (चालू काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करण्यासाठीची) मध्येच ठाण मांडून बसलेली असते, आणि श्रिंकला ती हलवता येत नाही. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून, रीस्टार्ट मारून पुन्हा बघा.

आणि हो, जुन्या एमबीआर डिस्कवर (एमबीआर म्हणजे पार्टिशन्सची नोंद ठेवायची जुनी पद्धत) प्रायमरी पार्टिशन्स चारच बसतात. पाचवं काढताना विंडोजने ‘डायनॅमिक डिस्क (डिस्कची वेगळ्या प्रकारची मांडणी) करू का’ असं विचारलं तर सरळ ‘नो’ दाबा.