आधी तुमचं ताट वाढून घ्या

प्रश्न : ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. दहावीच्या सुट्टीत 'थोडं बारीक व्हायचंय' म्हणून तिने पोळी-भात सोडला आणि वर्षभरात अशी वेळ आली की नाडी फार मंद चालतेय म्हणून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, असं निदान झालं. घरी येऊन आता चार महिने झालेत. डॉक्टरांनी तीन जेवणं आणि तीन वेळा मधलं खाणं ठरवून दिलंय. प्रत्येक वेळी मी तिच्यासमोर बसते. एका पोळीचे ती पंचवीस-तीस तुकडे करते. पाऊण तास जातो, कधी तास. रडते, ओरडते, मला जेलर म्हणते. ती उठली की मी ओट्याशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकलते आणि पुढच्या कामाला लागते. रात्री ही मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ बघत बसते, आमच्यासाठी केक करते आणि स्वतः चाखतसुद्धा नाही. हे नाटक नाही तर काय? हे म्हणतात, 'सारखी मागे लागू नकोस, भूक लागली की खाईल.' सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती.' सकाळी टेकडीवर जाऊन येते, तेवढंच तिला मोकळं वाटतं. वजन वाढतंय, पण फार हळू. पुढच्या वर्षी ती अठराची होईल. मी किती दिवस पहारा देऊ? आता तिचं तिच्यावर सोडून द्यावं का?
– एक आई, कोथरूड

उत्तर :

नाही, सोडून देऊ नका. एवढं आधी सांगते, कारण तुम्ही उत्तराची वाट बघत असाल.

आता तुमच्या पत्राकडे येते. मुलीबद्दल, नवऱ्याबद्दल, सासूबाईंबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय. स्वतःच्या जेवणाबद्दल एकच वाक्य आहे, तेही जाता जाता. ती उठली की तुम्ही ओट्याशी उभ्याने काहीतरी पोटात ढकलता. तुमच्या लेखी ते सांगण्यासारखंही नसावं. मला मात्र सगळ्या पत्रात तेच पहिल्यांदा दिसलं.

तुमच्या मुलीच्या जागेवरून ते टेबल बघा. दिवसातून सहा वेळा तिच्यापुढे ताट किंवा ताटली येते. समोर आई बसलेली, पण आईपुढे काही नाही. आईचा हात रिकामा, आईचे डोळे आपल्या वाटीवर. भात किती उरला, पोळीचा तुकडा तोंडात गेला की मांडीवर पडला, सगळं टिपलं जातंय. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक शेजारी येऊन उभा राहिला की येणारं उत्तरही विसरायला होतं, तसं तिचं दिवसातून सहा वेळा होत असणार. आणि ज्या गोष्टीची तिला भयंकर भीती वाटते, ती घरात तिला एकटीलाच करावी लागतेय. जी आई 'खाणं हेच तुझं औषध' म्हणते, तिला ही मुलगी कित्येक महिन्यांत नीट बसून जेवताना बघत नाहीये. महिने म्हणतेय मी, पण आपल्याकडच्या बायकांच्या सवयी बघता ती वर्षंही असतील. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्या की उरलेली भाजी कढईतच पोळीने पुसून खाणारी आई तिने लहानपणापासून पाहिली असेल.

तिला हा आजार तुमच्यामुळे झाला, असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणायचं नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, स्वभावाचा असतो, आणि वाढीच्या वयात केलेलं कडक डाएट ही त्याची नेहमीची सुरुवात असते. आईबापांनी काहीतरी चुकवलं म्हणून हा आजार होत नाही. आजार कुठून आला याचा शोध आज रात्रीच्या जेवणाला उपयोगी नाही. तुमच्यापुढची रिकामी जागा ताटाने भरणं उपयोगी आहे, आणि ते काम तुमचं आहे.

म्हणून माझं सांगणं एकच. आज रात्रीपासून तुम्ही तिच्याबरोबर जेवायचं. बसून, त्याच वेळी, तेच जेवण, पूर्ण ताट.

समोर बसू नका, शेजारी बसा. तिच्या पानात वरण-भात, भातावर तूप, पोळी, भाजी असेल तर तुमच्याही पानात तेच हवं. वजन भरून काढायचं असल्याने डॉक्टरांनी तिला तुमच्यापेक्षा जास्त खायला सांगितलेलं असणार. तुम्ही तेवढं खाल्लं पाहिजे असं नाही. पण तिच्या भातावर तूप आणि तुमच्या पानात नुसती काकडीची कोशिंबीर, हे चालणार नाही. पोळ्या सगळ्या आधी करून डब्यात ठेवा. गॅस बंद करा, मग सगळे एकदम बसा. एकीकडे तवा आणि एकीकडे पंगत हा प्रकार काही महिने बंद. घरच्यांना डब्यातली पोळी गोड मानून घ्यावी लागेल, आणि कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

आणि उपास. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, पण संकष्टीला चंद्रोदयापर्यंत आई उपाशी आणि दुपारी मुलीला 'पोळी संपव' म्हणायचं, हे कोणत्याही घरात जमणारं नाही. तुमचे उपास सध्या बाजूला ठेवा. गणपतीला आरती करा, अथर्वशीर्ष म्हणा, नैवेद्य दाखवा आणि तो नैवेद्य तिच्याबरोबर बसून खा. तिला तर या आजारात उपास करायचाच नाही. नवरात्र आलं, श्रावणी सोमवार आला की 'मीही धरते' म्हणत या मुली हळूच उपासाच्या आडोशाला जातात आणि घरचे कौतुक करतात. त्या दिवशी ठाम राहा.

मी हे माझ्या मनचं सांगत नाहीये. वाढत्या वयातल्या मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियावर आज सगळ्यात जास्त भरवसा ज्या उपचारावर ठेवला जातो, तो कुटुंबाला धरूनच चालतो. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला गेला. त्यात खाण्याची सूत्रं आधी पूर्णपणे आईवडिलांच्या हातात असतात, कारण मुलाचं मन त्या बाबतीत भीतीने व्यापलेलं असतं. वजन सावरलं की ती थोडी थोडी करून मुलाकडे परत द्यायची, आणि मग त्याच्या वयाचे बाकीचे प्रश्न हाताळायचे. साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्तही. तुमचे चार महिने झालेत. तुम्ही मधल्या वाटेवर आहात आणि थकला आहात. दिवसातून सहा वेळा कुणाचं तरी रडणं अंगावर घ्यायचं, आणि स्वतःच्या पोटात नीट अन्न नाही. अशा शरीराने धीर कुठून आणायचा? तुमचं ताट तुमच्यासाठीही आहे.

आता त्या नाटकाबद्दल. हा शब्द घरात पुन्हा काढू नका, माझी कळकळीची विनंती आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. ते स्वतःहून तयार झालेले पुरुष होते, त्यांना बारीक होण्याची हौस नव्हती. जवळजवळ सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, खाण्याची स्वप्नं बघायला लागले, ताटातल्या अन्नाशी खेळत तेवढंसं जेवण तासतासभर लांबवायला लागले. चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांपासून तुटले. पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही त्यांचं मन जाग्यावर यायला कित्येक महिने लागले.

तुमच्या मुलीचे पोळीचे तीस तुकडे, रात्रीचे ते व्हिडिओ, तुमच्यासाठी केलेला केक हे सगळं त्यात आहे. उपाशी शरीर असंच वागतं. त्या तरुणांना निदान खायची भीती नव्हती, हिला ती रोज वाटते. म्हणून तिला भूक लागत नाही असं समजू नका. भूक लागते, पण भीती भुकेपेक्षा मोठी आहे, आणि म्हणूनच 'भूक लागली की खाईल' हा तुमच्या मिस्टरांचा सल्ला या आजारात धोक्याचा आहे. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

जेवताना बोलायचं काय, तर जेवण सोडून काहीही. सोसायटीतलं मांजर, कर्वे रोडचा ट्रॅफिक, तिच्या मैत्रिणीचा नवा गॉगल. ती थांबली, डोळे भरून आले, तर हळू आवाजात 'कळतंय मला, अवघड जातंय. पुढचा घास घे' एवढंच, आणि तुमचा पुढचा घास तुम्ही घ्या. समजावणं, कॅलरींचा हिशेब, 'माझ्यासाठी खा', 'आफ्रिकेतल्या मुलांना बघ', यातलं काहीही नको. तिने ताट अर्धं टाकलं तर आरडाओरडा न करता, राहिलेल्याची भरपाई डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने करायची. जेलर म्हणाली तर म्हणू दे. त्या क्षणी ती घाबरलेली असते आणि हाताशी तुम्हीच असता.

जेवण झाल्यावर लगेच उठून भांडी घासायला जाऊ नका. तासभर तिच्याजवळ थांबा. पत्ते खेळा, मटार सोला, एखादी मालिका बघा. खाल्ल्यावरचा तो वेळ तिला जेवणाइतकाच जड जात असतो.

सासूबाईंना एकच वाक्य सांगा. तिच्या अंगावर, चेहऱ्यावर, कपड्यांवर या घरात कुणी काही बोलायचं नाही. चांगलंसुद्धा नाही. 'चेहरा छान भरलाय गं' हे आजी प्रेमाने म्हणते, आणि नातीला त्यात 'जाडी झालीस' एवढंच ऐकू येतं. रात्रीचं जेवण मग तिथेच बिनसतं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनाही दारातच आवरा. वाईटपणा येईल तो घ्या.

टेकडीबद्दल मात्र मला तुमचा राग आला. नाडी मंद झाली म्हणून दवाखान्यात राहून आलेली मुलगी रोज सकाळी चढ चढते आणि तुम्ही लिहिता की तेवढंच तिला मोकळं वाटतं. पुण्यात टेकडीवर जाणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. पण खाल्लेलं जाळून टाकायची ओढ याच आजाराची आहे, आणि वजन हळू वाढण्याचं एक कारण तिथेही असू शकतं. डॉक्टरांना हे माहीत आहे का? उद्या सकाळी फोन करून विचारा. त्यांनी स्पष्ट हो म्हणेपर्यंत टेकडी बंद. वजनाचा काटा घरात असेल तर तोही बाहेर जाऊ दे, वजन डॉक्टरांकडे होईल तेवढं पुरे.

तिला चक्कर आली, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडलं, पाणीही नको म्हणायला लागली, उलट्या काढतेय असं वाटलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर थेट इस्पितळाचा तातडीचा विभाग. आणि तुमचंच मन दाटून आलं, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलतात.

अठराव्या वाढदिवसाची धास्ती घेऊ नका. त्या तारखेला तिची भीती आपोआप जाणार नाही आणि तुमचं शेजारी बसणंही थांबायला नको. सूत्रं तिच्या हातात द्यायची वेळ तिचं वजन, पाळी, रक्ताच्या तपासण्या बघून डॉक्टर सांगतील. तेव्हाही एकदम सगळं सोडायचं नाही. आधी संध्याकाळचं मधलं खाणं तिने स्वतः वाढून घ्यायचं, तुम्ही फक्त सोबत खायचं. ते काही आठवडे नीट जमलं, तर कॉलेजचा डबा.

राहता राहिले तुमचे मिस्टर. त्यांना 'जरा मदत करा' असं सांगून भागणार नाही. रात्रीचं जेवण त्यांच्याकडे द्या. तुम्ही शेजारी जेवत असालच, पण त्या वेळी 'पुढचा घास घे' हे त्यांनी म्हणायचं, आणि ती ओरडली तर ते ओरडणं त्यांनी ऐकून घ्यायचं. मुलीला एका तोंडून 'खा' आणि दुसऱ्या तोंडून 'राहू दे' ऐकू आलं, तर आजार दुसऱ्याच तोंडाचं ऐकतो. पुढच्या तपासणीला तुम्ही दोघांनी जायचं. तारीख आजच सांगा, म्हणजे त्यांना रजा टाकता येईल.