सोसायटीचा सभासद क्रमांकच लॉगिनचा यूआयडी करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सोसायटीचं (कर्नाटकातली सहकारी संस्था) वेब ॲप तुम्ही करताय, लॉगिन फायरबेस ऑथेंटिकेशनवर (गूगलची तयार लॉगिन सेवा) आहे, आणि फायरबेस देतं त्या लांबलचक यूआयडीच्या (प्रत्येक खात्याचं वेगळं ओळखचिन्ह) जागी सोसायटीचा सभासद क्रमांकच टाकता येईल का. चाचणीची काही खाती फायरबेसच्या यूआयडीवर आधीच उघडली आहेत, हेही तुम्ही लिहिलंय.

टाकता येतो, पण टाकू नका. स्वतःचा यूआयडी जरूर द्या, तो सभासद क्रमांक मात्र नको.

आधी सोय काय आहे ते. ब्राउझरमधून ईमेल-पासवर्डने खातं उघडलं तर यूआयडी निवडता येत नाही, फायरबेस देईल तो घ्यावा लागतो. सर्व्हरवर ॲडमिन एसडीके (फायरबेसची सर्व्हरसाठीची कोड-लायब्ररी) वापरलं की तुम्ही सांगाल तो यूआयडी बसतो. १ ते १२८ अक्षरांची कुठलीही स्ट्रिंग चालते. दुसरा रस्ता कस्टम टोकनचा. माणूस कोण आहे ते तुमचा सर्व्हर तपासतो, त्या यूआयडीचं टोकन सही करून देतो, आणि ब्राउझर ते दाखवून आत येतो. हे टोकन जास्तीत जास्त एक तास चालतं, पण एकदा आत आलेल्या सभासदाला तासाभराने बाहेर काढलं जात नाही.

आता सभासद क्रमांक का नको? कारण एकदा दिलेला यूआयडी बदलता येत नाही. खातं पुसायचं आणि नव्याने उघडायचं, एवढाच मार्ग उरतो. सभासद क्रमांक मात्र बदलतो, किंवा दुसऱ्याकडे जातो. सभासद वारला आणि वारसनोंद झाली की काही सोसायट्या तोच क्रमांक मुलाच्या नावावर चालू ठेवतात. खानापूर शाखेचा ४१२ आणि नंदगड शाखेचा ४१२ अशी दोन रजिस्टरं उद्या एकत्र करायची वेळ येते. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या मानकात वापरकर्त्याच्या ओळखचिन्हाबद्दल स्पष्ट अट आहे: एकाला दिलेलं चिन्ह पुन्हा दुसऱ्याला द्यायचं नाही. वारसाला बापाचा यूआयडी मिळाला की बापाचं सगळं जुनं लॉगिन त्याचं होतं. पैशाच्या व्यवहारात हे चालवून घेता येत नाही.

आपल्या बेळगावचंच बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी दप्तरी शहराचं नाव बदललं. रेल्वे स्टेशनचा कोड आजही बीजीएमच आहे, जुन्या इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं त्यात अडकून राहिलीत. सांबऱ्याच्या विमानतळाचा कोड आयएक्सजी. तो वाचून गावाचं नाव कळत नाही, म्हणून नाव बदललं तरी तो जुना झाला नाही. तुमचा यूआयडी आयएक्सजीसारखा असू द्या: शाखा, गाव, क्रमांक, जात-वर्ग, काहीही त्यात नको. तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक सभासदासाठी यूयूआयडी (संगणकाने तयार केलेलं, अर्थ नसलेलं एकमेव चिन्ह) तयार करा आणि तोच फायरबेसला द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी वेगळा प्रकार आहे, १६ बाइटांचा. सभासद क्रमांक शेजारच्या रकान्यात ठेवा, शाखा आणि क्रमांक मिळून एकमेव असण्याची अट घाला. उद्या क्रमांक बदलला तर एक ओळ बदलेल, खातं जसंच्या तसं राहील.

मोबाईल नंबरचा मोह होईल, तोही टाळा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. शिवाय फायरबेसच्या फोन लॉगिनमध्ये एका नंबरला एकच खातं. आपल्याकडे एका घरात सासू सभासद, सून सभासद आणि ओटीपी येणारा फोन एकच, ही नेहमीची गोष्ट आहे. अशा घरातल्या बाईला तिचं स्वतःचं खातं मिळालंच पाहिजे, नवऱ्याच्या किंवा सुनेच्या खात्यात डोकावून बघायची पाळी तिच्यावर यायला नको. कस्टम टोकनचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. सभासद क्रमांक आणि ओटीपी दोन्ही तुमचा सर्व्हर तपासेल, आणि टोकन नेमकं त्या सभासदाच्या यूआयडीचं देईल. फोन एक, खाती दोन, आणि फायरबेसची काही हरकत नाही.

सीमाभागात हमखास येणारी आणखी एक अडचण, आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. सभासद आपला क्रमांक कुठल्या आकड्यांत टाइप करील? कुणाचा कीबोर्ड मराठी, कुणाचा कन्नड, कुणाचा इंग्रजी. वाचणाऱ्याला तिन्ही ४१२च, पण युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांची यादी) तिन्ही वेगळे. एनएफकेसीने (युनिकोडची अक्षरं एकसारखी करायची पद्धत) एकसारखे होतील असं वाटतं, पण ते नॉर्मलायझेशन या आकड्यांना हात लावत नाही. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधलं (मजकूर जुळवायचं सूत्र) आकड्याचं चिन्ह फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. पायथनचं तिन्ही ओळखतं, आणि पायथनचं इंट हे फंक्शन मराठी-कन्नड आकड्यांचाही सरळ पूर्णांक करून देतं. मात्र पूर्णांक केला की ०४१२ मधलं पुढचं शून्य जातं. म्हणून एकेक आकडा इंग्रजीत बदला, लांबी पूर्वीचीच राखा, आणि मगच डेटाबेसमध्ये शोधा. याचा यूआयडीशी संबंध असा की फायरबेसकडे आधी नसलेला यूआयडी कस्टम टोकनमधून आला तर ते तक्रार करत नाही, मुकाट्याने नवं खातं उघडतं. सभासद क्रमांकच यूआयडी असता तर कन्नड ४१२ आणि इंग्रजी ४१२ अशी एकाच माणसाची दोन खाती झाली असती, आणि एकात त्याची ठेव दिसली नसती.

नावावरून सभासद शोधायची सोय द्यावी, ओळख मात्र त्यावर ठरवू नये. यल्लाप्पा एका कागदावर वाय-ए, दुसऱ्यावर वाय-ई. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी नुसतं एक अक्षर. आधार क्रमांक तर यूआयडीत अजिबात नको, कारण यूआयडी लॉगमध्ये, यूआरएलमध्ये, सगळीकडे फिरतो.

यूयूआयडी ओळखता येत नाही म्हणून डेटा सुरक्षित आहे, असंही धरू नका. प्रत्येक विनंतीला लॉगिन केलेल्याचा यूआयडी आणि मागितलेल्या खात्याचा मालक एकच आहे ना, हे सर्व्हरवर किंवा फायरबेसच्या नियमांत तपासा. टोकनवर सही करणारी सर्व्हिस अकाउंटची (तुमच्या सर्व्हरचं स्वतःचं खातं) किल्ली ब्राउझरच्या कोडमध्ये किंवा गिटहबवर जाता कामा नये. ती ज्याच्या हाती लागेल तो कुठल्याही सभासदाच्या नावाने आत येईल.

चाचणीची जुनी खाती मोडायची गरज नाही. सभासदांच्या तक्त्यात फायरबेस यूआयडीसाठी साध्या मजकुराचा (यूयूआयडी प्रकाराचा नव्हे) एक रकाना करा, त्यांचे आहेत तेच यूआयडी त्यात भरा, आणि नव्या सभासदांना तुमचा यूयूआयडी द्या. दोन्ही स्ट्रिंगच आहेत, एकाच रकान्यात बसतात.