मुंग्यांकडून अभियंत्यांनी नेमके काय घ्यावे?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. मुंग्यांच्या वसाहतीत मुकादम नसूनही काम सुरळीत चालते आणि अभियंत्यांनी त्यांच्याकडून शिकावे, असे वारंवार वाचनात येते. हे केवळ कौतुक आहे की त्यातून उपयोगाचे काही हाती लागते?

उत्तर : हाती लागते, पण आपण शोधतो तिथे नव्हे. मुंग्यांच्या शिस्तीचे गोडवे बाजूला ठेवावेत. राणी नावाचीच राणी. ती अंडी घालते, हुकूम सोडत नाही. संपूर्ण कामाचे चित्र कोणाच्याच डोक्यात नसताना प्रत्येक मुंगी आपल्या आसपासच्या एखाद्या साध्या खुणेवरून पुढे जायचे की नाही एवढेच ठरवते, आणि अभियंत्याने पाहायची ती ही खूण.

सर्वांत गाजलेला प्रयोग ब्रसेल्सचे संशोधक जाँ-लुई दनबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी मुंग्यांचे घर आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब असे दोन मार्ग ठेवले. आखूड मार्गाने गेलेल्या मुंग्या लवकर परतत, त्यामुळे चालताना त्या मागे सोडत असलेली गंधाची खूण तिथे आधी दाट होई आणि थोड्याच वेळात बहुतेक सगळ्या त्याच वाटेने जाऊ लागत. याच कल्पनेवर मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलान येथील प्रबंधात संगणकासाठी शोधपद्धती मांडली; अनेक शहरांतून कमीत कमी अंतराची फेरी शोधण्याच्या प्रश्नावर ती प्रथम वापरली गेली. या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. आधी फक्त लांब मार्ग खुला ठेवून आखूड मार्ग नंतर जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या जुन्याच लांब वाटेने जात राहिल्या, कारण तिथला गंध तोवर दाट झालेला होता. म्हणून संगणकातला गंध, म्हणजे प्रत्येक वाटेला दिलेला आकडा, मुद्दाम लवकर उडून जाईल असा ठेवावा लागतो. नक्कल करताना मुंगीची चूक दुरुस्त करावी लागली, हे मला मूळ कल्पनेइतकेच बोधक वाटते.

आपल्या कामाला अधिक जवळचे उदाहरण वाळवंटातल्या बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांचे आहे. बाहेर पडलेली मुंगी उन्हात शरीरातले पाणी गमावते, त्यामुळे विनाकारण फेरी परवडत नाही. दाराशी थांबलेली मुंगी बी घेऊन परतणाऱ्या मुंग्यांशी मिशा भिडवते. अशा भेटी भराभर झाल्या तरच ती निघते आणि परतणाऱ्यांचा ओघ आटला की बाहेर जाणाऱ्यांचाही आटतो. स्टॅनफर्डच्या मुंग्यांच्या अभ्यासक डेबोरा गॉर्डन आणि संगणकतज्ज्ञ बालाजी प्रभाकर यांनी २०१२ मध्ये दाखवले की हा नियम इंटरनेटवर माहितीची ने-आण सांभाळणाऱ्या टीसीपी या पद्धतीच्या नियमाशी जुळतो : पोच लवकर आली तर माहिती पाठवण्याचा वेग वाढवायचा, रेंगाळली तर कमी करायचा. गंमत अशी की अभियंत्यांनी तो मुंग्यांकडे पाहून घेतलेला नव्हता. १९८६ मध्ये इंटरनेटवर माहितीची कोंडी झाली, तेव्हा संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये मांडला.

प्रश्न : वसाहतीतल्या पुष्कळ मुंग्या रिकाम्या बसलेल्या असतात म्हणे. मग कार्यक्षमता कसली?

उत्तर : रिकामे बसणे म्हणजे वाया जाणे, हे गृहीतच तपासायला हवे. जॉर्जिया टेकच्या डॅनियल गोल्डमन यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की बोगदा खणताना सुमारे ३० टक्के मुंग्याच ७० टक्के काम करतात. बोगदा अरुंद असतो. पुढे गर्दी दिसली की कित्येक मुंग्या माती न उचलताच मागे फिरतात. यंत्रमानवांवर हेच करून पाहिले, तेव्हा सारेच सारख्या उत्साहाने आत शिरले की वाट तुंबली. सर्व्हर शंभर टक्के कामाला जुंपू पाहणाऱ्यांना रांगेची ही गत परिचित असेल.

उरलेल्यांचे काय, याचे उत्तर ॲरिझोना विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात मिळते. तिथे एका लहान जातीच्या वसाहतींतून सर्वांत कामसू २० टक्के मुंग्या काढून घेतल्या, तेव्हा आठवड्याभरात रिकाम्या बसणाऱ्यांपैकीच काहींनी त्यांची जागा भरली. सर्वांत निष्क्रिय २० टक्के काढल्या, तेव्हा मात्र त्यांच्या जागी रिकामे बसायला कोणी आले नाही.